विद्यापीठावर उपरोधिक कादंबरी लिहायचीय? सुरुवात डेडस्टॉक रजिस्टरपासून करा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास बसा, कुणी तरी म्हणतंच, "यावर खरं तर कादंबरी लिहायला पाहिजे." लिहिणारे थोडे. त्यातलेही बरेच जण पहिल्या तीन प्रकरणांत आपल्या प्राचार्यांवर सूड उगवतात आणि चौथ्या प्रकरणात काय लिहायचं ते न सुचून थांबतात. हा लेख त्या चौथ्या प्रकरणाच्या पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे टेबल, खुर्च्या, पंखे अशा टिकाऊ वस्तूंच्या नोंदीची वही. तिच्याकडे पुढे येऊच.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधीच सांगून टाकतो. शिक्षणाच्या धंद्यात खलनायक फार थोडे सापडतात. बहुतेक जण नियमाने वागतात, आपापल्या टेबलापुरते शहाणे असतात, आणि या सगळ्या शहाणपणाची बेरीज मात्र वेड्यासारखी येते. उपरोध त्या बेरजेत आहे. प्राचार्यांच्या पोटावर किंवा एखाद्या मॅडमच्या इंग्रजीवर विनोद करून पानं भरतील, कादंबरी होणार नाही.

पायरी पहिली : आवार ठरवा

विद्यापीठाचं कॅम्पस, तालुक्याचं अनुदानित कॉलेज आणि विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज ही तीन वेगळी जगं आहेत.

कॅम्पसवर पदव्युत्तर विभाग, वसतिगृहं, सात-सात वर्षं पीएचडी करणारी मुलं आणि कुलगुरूंच्या बंगल्याभोवतीचं राजकारण असतं. विनाअनुदानित इंजिनिअरिंग हे १९८३ नंतरचं जग. वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी तंत्रशिक्षणाला दार उघडलं आणि काही वर्षांत माळरानांवर कमानी उभ्या राहिल्या. तिथली कथा रिकाम्या जागांची आहे. एम.टेक. झालेला माणूस मे महिन्यात माहितीपत्रकं घेऊन गावोगाव ॲडमिशन शोधत हिंडतो, हे दृश्य तुम्हाला फुकट मिळतं.

तरीही नवख्याने तालुक्याचं अनुदानित कॉलेज घ्यावं, असं माझं मत. इथे पगार शासन देतं आणि नेमणूक संस्था करते. पगार ज्याच्या हाती त्याला माणूस निवडता येत नाही, माणूस निवडतो त्याला पगार द्यावा लागत नाही. सगळे तंटे या एका फटीतून निघतात. शिवाय प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे एकाच बाजारात भाजी घेतात, त्यामुळे पात्रांना एकमेकांपासून पळायला जागा नसते.

कॉलेजला 'मूर्खानंद महाविद्यालय' छापाचं नाव देऊ नका. पाटीवरच हसून घेतलं की आत हसायला काही उरत नाही. संस्थाचालकाच्या आईचं किंवा वडिलांचं नाव, पुढे 'कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय', एवढं सरळ ठेवा. मुलं त्याची तीन अक्षरं करतीलच.

पायरी दुसरी : कोण कुणाला पत्र लिहितं ते शिका

राज्यातली बहुतेक सार्वजनिक अकृषी विद्यापीठं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने चालतात. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. राज्यपाल हे कुलपती. त्यांच्याखाली कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता. शेजारी अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद आणि विषयवार अभ्यास मंडळं. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात आणि त्या निवडणुकीत राजकीय पक्षांच्या संघटना उघडपणे उतरतात. कॉलेजच्या बाजूला संस्थेचे अध्यक्ष, सचिव, महाविद्यालय विकास समिती, प्राचार्य. आणि या दोन्ही बाजूंना घाम फोडणारं तिसरं ठिकाण म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय, कारण पगाराचं बिल तिथून पास होतं.

पाठांतर नको. एकच गोष्ट ध्यानात घ्या : यातलं कुणीच कुणाला थेट बोलत नाही. प्राध्यापकाचा अर्ज विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांकडे, तिथून कुलसचिवांकडे, तिथून संबंधित विभागाकडे जातो आणि 'त्रुटीपूर्ततेसाठी' परत येतो. कथानक पुढे सरकवायला तुम्हाला योगायोग शोधावा लागणार नाही. अर्ज परत आला की पुढचं प्रकरण सुरू.

पायरी तिसरी : एकच घटना धरा

पहिल्या कादंबरीत चाळीस वर्षांचा इतिहास कोंबू नका. एक घटना घ्या आणि तिच्याभोवती सगळ्यांना उभं करा. नॅकची भेट, प्राचार्यपदाची मुलाखत, एखादी 'एकदिवसीय राष्ट्रीय परिषद', पीएचडीची खुली मौखिक परीक्षा, पेपरफुटी. मला यात नॅक सर्वांत श्रीमंत वाटतं, म्हणून तिथे जरा थांबतो.

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद. स्थापना १९९४, मुख्यालय बंगळुरू. अलीकडेपर्यंतची पद्धत अशी : कॉलेज आधी स्वतःबद्दलचा अहवाल सात निकषांवर भरून पाठवायचं, त्यातल्या आकड्यांची पडताळणी व्हायची, मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती, म्हणजे पिअर टीम, येऊन बघायची आणि चारपैकी गुण आणि श्रेणी मिळायची. कॉलेजच्या दोन 'सर्वोत्तम उपक्रमां'चं वर्णनही द्यावं लागायचं. समजा, आपल्या कॉलेजात सर्वोत्तम असं काहीच घडत नाही. मग दोन उपक्रम शोधायला समिती बसते. कुणी म्हणतं, "आपण दर शनिवारी गेटजवळ झाडाला पाणी घालतो ना?" झाड एकच आहे. पाणी शिपाई मामा घालतात, तेही शनिवारीच असं नाही. तिसऱ्या बैठकीपर्यंत या झाडाचं 'पर्यावरण संवर्धनातून मूल्यशिक्षण' झालेलं असतं आणि उद्दिष्टं, संदर्भ, अंमलबजावणी, यशाचा पुरावा असे मथळे पडलेले असतात. पुरावा म्हणून फोटो लागतो. फोटोत विद्यार्थी लागतात. विद्यार्थी परीक्षेला गेलेले असतात.

आता याच आठवड्यातली एक संध्याकाळ लिहून बघा. पाच वर्षांत न झालेल्या तक्रार निवारण समितीच्या बैठकांची इतिवृत्तं एका रात्रीत तयार करायची आहेत. हेडक्लार्क भाऊसाहेब तीन पेनं घेऊन बसलेत. २०१९ साठी काळं, २०२० साठी निळं, आणि २०२१ साठी मुद्दाम शाई संपत आलेलं, म्हणजे जुनं वाटेल. मध्येच त्यांच्या लक्षात येतं की २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती आणि आपण त्या दिवशी अकरा सभासदांची उपस्थिती, चहापान आणि आभार लिहून बसलोय. पान फाडता येत नाही, कारण रजिस्टरला पानक्रमांक आहेत. भाऊसाहेब क्षणभर विचार करतात आणि वर 'ऑनलाइन' असं लिहितात. चहापान तसंच राहतं.

या प्रसंगात भाऊसाहेबांना मूर्ख ठरवू नका. खोलीतला सर्वांत बुद्धिमान माणूस तेच आहेत. त्यांच्या बुद्धीला जे काम मिळालंय ते बघून वाचकाला हसू येईल आणि थोडा रागही.

पायरी चौथी : तीन भाषा कानात भरून घ्या

या जगात तीन मराठी चालतात. एक परिपत्रकाची : 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की'. दुसरी व्यासपीठावरची, जिच्यात प्रत्येक पाहुणा 'सुप्रसिद्ध' असतो आणि प्रत्येक प्रास्ताविक 'थोडक्यात' असतं. तिसरी गेटबाहेरच्या टपरीवरची, जिथे खरं काय झालं ते कळतं. एकच बातमी या तिन्ही भाषांत लिहून काढण्याचा सराव करा. प्राचार्यांचा कार्यभार काढून घेतला जातो, हे परिपत्रकात 'प्रशासकीय सोयीस्तव' होतं, व्यासपीठावर 'संशोधनाला पूर्ण वेळ देता यावा म्हणून' होतं, आणि टपरीवर एक वाक्य होतं जे मी इथे लिहीत नाही.

पहिली भाषा सर्वांत मोलाची, आणि नवखे तिलाच टाळतात. इतिवृत्ताचा नमुना देतो, अर्थात काल्पनिक :

*विषय क्र. ५ : स्टाफरूममधील पंख्याबाबत.*
*स्टाफरूममधील खिडकीकडील पंखा दि. ३ मार्चपासून बंद असल्याची बाब मराठी विभागाने निदर्शनास आणून दिली. सदर पंख्याची नोंद भौतिकशास्त्र विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असल्याने दुरुस्ती सदर विभागाने करावी, असे मत व्यक्त करण्यात आले. भौतिकशास्त्र विभागप्रमुखांनी सदर पंखा १९९८ मध्ये केवळ सद्भावनेने देण्यात आल्याचे स्पष्ट केले. चर्चेअंती त्रिसदस्यीय समिती गठित करण्यात आली. समितीने उन्हाळी सुट्टीनंतर अहवाल सादर करावा, असे सर्वानुमते ठरले.*

यात एकही चटकदार विशेषण नाही. कुणी वेडगळ बोललेलं नाही, भौतिकशास्त्रवाल्यांची बाजूही तशी रास्त आहे. विनोद शेवटच्या वाक्यात 'उन्हाळी सुट्टीनंतर' या दोन शब्दांत येतो आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. त्यानंतर लगेच 'म्हणजे तोवर सगळे घामाने निथळणार होते!' असं लिहायचा मोह होईल. तो आवरा. उद्गारचिन्हं तर या प्रकारच्या लेखनात शक्यतो वापरूच नका.

पायरी पाचवी : माणसं, आणि त्यांना मारायच्या हाका

कॉलेजात नातं हाकेतून कळतं. प्राध्यापक एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम', अगदी वीस वर्षं एका डब्यात जेवले तरी. क्लार्क म्हणजे 'भाऊसाहेब', शिपाई 'मामा', झाडलोट करणाऱ्या 'मावशी'. संस्थाचालक वयाप्रमाणे आणि भागाप्रमाणे 'दादा', 'आबा', 'अण्णा' किंवा नुसते 'साहेब'. 'दादांनी सांगितलंय' या दोन शब्दांपुढे कायद्याचं कलम टिकत नाही. ज्या दिवशी प्राचार्य एखाद्या तरुण प्राध्यापकाला 'सर' सोडून आडनावाने हाक मारतील, त्या दिवशी काही तरी बिनसलंय हे वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

कादंबरीच्या मध्यभागी कुणाला ठेवायचं? माझं उत्तर : तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे सीएचबी, क्लॉक अवर बेसिस. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेला, बहुधा पीएचडीही. सेट परीक्षा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी घेतं, म्हणजे हा माणूस फोंड्याचाही असू शकतो आणि फलटणचाही. त्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. सुट्टीचे नाहीत. दरवर्षी जूनमध्ये त्याच कॉलेजात, त्याच खुर्चीसमोर, त्याच लोकांपुढे त्याची नव्याने मुलाखत होते आणि "आपला परिचय द्या" असं त्याला विचारलं जातं. नॅकच्या फायली तोच रात्री जागून भरतो आणि भेटीच्या दिवशी कायम प्राध्यापकांच्या यादीत आपलं नाव नाही, म्हणून मागच्या रांगेत उभा राहतो. त्याला सगळीकडे प्रवेश आहे आणि कुठेच जागा नाही. कादंबरीकाराला याहून चांगला डोळा मिळणार नाही.

मराठीत या वाटेवर भालचंद्र नेमाडे यांचं चांगदेव चतुष्टय, म्हणजे चार कादंबऱ्यांची मालिका, आहे. चांगदेव पाटील गावोगावच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत फिरतो. ते वाचल्याशिवाय लिहायला बसू नका, आणि वाचल्यावर निदान सहा महिने लिहू नका, नाहीतर तुमची वाक्यं त्या चालीने चालू लागतील. हिंदीत श्रीलाल शुक्ल यांची राग दरबारी (१९६८) ही कादंबरी आहे. त्यातलं छंगामल कॉलेज हे सगळ्या गावाच्या राजकारणाचं आंगण आहे, हे विशेष बघा. कॉलेजची भिंत जिथे संपते तिथे कादंबरी संपवायची नसते.

पायरी सहावी : शैक्षणिक वर्षाला कथानक करू द्या

रचनेची चिंता करणाऱ्यांना हे वेळापत्रक पुरतं. जूनमध्ये प्रवेश आणि तासिकांच्या मुलाखती. जुलैत वर्कलोडची भांडणं : कुणाच्या विषयाला मुलं नाहीत, कुणाची जागा जाणार. मग युवक महोत्सव. दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा आणि भरारी पथक. थंडीत एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात, जिथे प्राध्यापक आणि विद्यार्थी एकमेकांना पहिल्यांदा माणसं म्हणून दिसतात. जानेवारीत स्नेहसंमेलन. फेब्रुवारी-मार्चमध्ये परिषदांचा हंगाम, कारण ३१ मार्चच्या आत निधी खर्च व्हायचा असतो. एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि पेपरतपासणीचं कॅप सेंटर. निवृत्ती आणि बदल्याही साधारण याच सुमारास. कादंबरी जूनमध्ये सुरू करा आणि पुढच्या जूनच्या मुलाखतीवर आणा. सांधे आपोआप बसतील.

पायरी सातवी : संशोधन नावाचं दुकान समजून घ्या

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीला गुण जोडले, तेच ते एपीआय. शोधनिबंधाला गुण, परिषदेतल्या सहभागाला गुण. मग जे व्हायचं तेच झालं. आयएसएसएन क्रमांक असलेली नियतकालिकं सगळीकडे निघाली. हा क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवण्यापुरता असतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही, पण स्टाफरूममध्ये "आयएसएसएन आहे ना?" हा एकच प्रश्न उरला. मे २०१८ मध्ये यूजीसीने स्वतःच मान्य केलेल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. पुढे मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली.

इथे एक पात्र जन्माला येतं ते सांगतो : ज्याचे बारा निबंध त्या ४,३०५ मध्ये गेले तो प्राध्यापक. तो भामटा नाही. नियमाने जे मागितलं ते त्याने पैसे भरून आणून दिलं. आता नियमच म्हणतो, हे चालणार नाही. त्याच्या कपाटात फाइलीत लावलेली बारा प्रमाणपत्रं आहेत. त्याने ती फाइल घेऊन कुठे कुठे जावं आणि प्रत्येक टेबलावर त्याला काय ऐकावं लागावं, एवढ्यावर तीन प्रकरणं होतील.

पायरी आठवी : जातीकडे काणाडोळा करू नका

हे न लिहिता कॉलेजची मराठी कादंबरी लिहिता येते, पण ती खोटी असते. स्टाफरूममध्ये जातीचं नाव कुणी काढत नाही आणि हिशेब सगळे करतात. नवा माणूस आला की आधी आडनाव, मग गाव, मग "पाहुणे कुठले?" बिंदुनामावलीतला, म्हणजे आरक्षणाप्रमाणे जागांचा क्रम ठरवणाऱ्या तक्त्यातला, कितवा बिंदू, यावरून कुजबुज होते. याच राज्यात एका विद्यापीठाच्या नामांतराचा विधिमंडळात ठराव झाला १९७८ मध्ये, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मराठवाडा विद्यापीठाला लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. तेव्हा यावर लिहिताना हसू कुणाच्या दिशेने जातंय ते प्रत्येक वाक्यात तपासा. आरक्षणातून आलेल्या प्राध्यापकावर विनोद करणारी कादंबरी स्टाफरूममधलीच कुजबुज छापते. "आमच्याकडे जातबीत काही नाही हो" असं म्हणत मुलाखतीच्या पॅनलवर बसणाऱ्यांची गुणपत्रिका उघडून दाखवणं, हे उपरोधाचं काम.

पायरी नववी : वास्तव तुमच्यापुढे धावेल, धावू द्या

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली. निकाल रखडले, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली. आता यावर अतिशयोक्ती ती काय करणार?

करू नका. उलट आकार लहान करा. लाखो उत्तरपत्रिकांची कादंबरी होत नाही. एका मुलीची होते, जिचा बाहेरच्या विद्यापीठातला प्रवेश एका गुणपत्रिकेवर अडलाय आणि जिला खिडकीवरून सांगितलं जातं की तुमचा निकाल लागलाय, फक्त तो दिसत नाहीये. लाचेची रक्कम लिहू नका. समितीच्या गाडीत मिठाईचे खोके ठेवताना मामांना एक खोका अंमळ हलका लागला, तेवढं लिहा.

पायरी दहावी : छापण्याआधी

नावं बदलणं पुरेसं नसतं. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात बदनामी येते, आणि नाव न घेताही माणूस ओळखू येत असेल तर तक्रार होऊ शकते. तुमच्या प्राचार्यांचं टक्कल, त्यांची पांढरी गाडी आणि त्यांचा विषय एकाच पात्रात ठेवू नका. दोन-तीन माणसं मिसळा, विषय बदला, जिल्हा बदला. याचा फायदा कायद्यापेक्षा कादंबरीला जास्त होतो, कारण मिसळल्याबरोबर पात्र तुमच्या रागातून सुटतं. तुम्ही स्वतः नोकरीत असाल, तर सेवाशर्ती एकदा वाचून घ्या आणि हस्तलिखित कॉलेजच्या प्रिंटरवर छापू नका.

सुरुवातीला एखादं स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण दिवाळी अंकाला पाठवून बघा. उन्हाळ्यात पाठवलेलं बरं, गणपतीनंतर बहुतेकांची पानं भरलेली असतात. पंख्याची समिती किंवा झाडाचा उपक्रम असं एक प्रकरण तिथे छान खपतं आणि त्यावर आलेल्या पत्रांवरून कळतं की लोक कुठे हसले.

पूर्ण खर्डा झाला की तो मराठीच्या प्राध्यापकाला वाचायला देऊ नका. तो शैलीबद्दल बोलेल. एखाद्या निवृत्त हेडक्लार्कला द्या. ते विनोदावर बहुधा हसणार नाहीत. पण पेन्सिलीने समासात लिहून देतील की मागील सभेचं इतिवृत्त कायम केल्याशिवाय पाचवा विषय घेता येत नाही, त्रिसदस्यीय समितीला निमंत्रक लागतो, आणि १९९८ मध्ये सद्भावनेने दिलेल्या पंख्याची पावती कुठे आहे.